रशिया–जपान युद्ध आणि त्याचे न घडलेले निकाल

फेब्रुवारी १९०४ ते सप्टेंबर १९०५ या काळात रशिया आणि जपान यांच्यात झालेले युद्ध अखेरपर्यंत दोघांतच राहिले. विसाव्या शतकातील मोठ्या युद्धांत असे क्वचितच घडले. जपान जिंकला, रशिया हरला, हा निकाल सर्वज्ञात आहे. मात्र तो निकाल अटळ होता का, कोणत्या टप्प्यावर तो फिरू शकला असता आणि फिरला असता तर किती, हे प्रश्न इतिहासकारांनी आणि लष्करी अभ्यासकांनी पुन्हा पुन्हा विचारले आहेत. लढणारे दोघेच असल्याने या प्रश्नांची उत्तरे इतर युद्धांपेक्षा बरीच नेमकी देता येतात. मित्रराष्ट्रांची फौज, दुसरी आघाडी, ऐन वेळी बाजू बदलणारा सहकारी असे हिशेब बिघडवणारे घटक येथे नाहीत.

युद्ध दोघांतच का राहिले

संघर्षाचे मूळ कोरिया आणि मांचुरियात होते. १८९५ मध्ये चीनचा पराभव करून जपानने शिमोनोसेकीच्या तहाने लिआओतुंग द्वीपकल्प मिळवले. रशिया, जर्मनी व फ्रान्स यांनी एकत्र दबाव आणून ते परत करायला लावले. पुढे १८९८ मध्ये रशियाने त्याच द्वीपकल्पाच्या टोकाचे पोर्ट आर्थर बंदर चीनकडून पंचवीस वर्षांच्या पट्ट्याने घेतले. १९०० च्या बॉक्सर उठावानंतर रशियन फौजा मांचुरियात ठाण मांडून बसल्या. मांचुरिया रशियाकडे आणि कोरिया आपल्याकडे, अशी वाटणी जपान मागत होता. वाटाघाटी लांबत गेल्या. ६ फेब्रुवारी १९०४ रोजी जपानने संबंध तोडले आणि ८ तारखेच्या रात्री त्याच्या पाणतीर नौकांनी पोर्ट आर्थरच्या रशियन आरमारावर हल्ला केला. युद्धाची औपचारिक घोषणा १० तारखेला झाली.

तिसरी सत्ता या भांडणात पडली नाही, याला कारण होते ३० जानेवारी १९०२ चा ब्रिटन–जपान करार. दोघांपैकी एकाचे एका सत्तेशी युद्ध झाले तर दुसऱ्याने तटस्थ राहायचे आणि शत्रूच्या मदतीला आणखी कोणी आले तर मात्र युद्धात उतरायचे, असे त्यात ठरले होते. रशियाचा मित्र फ्रान्स मदतीला आला असता तर त्याची गाठ ब्रिटनशी पडली असती. फ्रान्सला ती नको होती. एप्रिल १९०४ मध्ये, युद्ध सुरू असतानाच, त्याने ब्रिटनशी समझोता केला. अशा रीतीने या करारामुळे युद्धाला आपोआप कुंपण पडले.

पर्याय तपासण्याची रीत

‘असे झाले असते तर’ हा विचार मराठी वाचकाला पानिपतामुळे परिचयाचा आहे. विश्वासरावांना गोळी लागली नसती तर काय, या प्रश्नावर चर्चा होत आली आहे आणि जयंत नारळीकरांनी त्यावर विज्ञानकथाही लिहिली आहे. इतिहासाच्या अभ्यासात मात्र अशा प्रश्नाला काही बंधने घालून घ्यावी लागतात. बदल लहानात लहान असावा. तो त्या काळच्या माणसांच्या आवाक्यातला असावा. आणि त्या एका बदलापलीकडे बाकी परिस्थिती होती तशीच धरावी. रशियाकडे १९०४ मध्ये दुहेरी रेल्वेमार्ग होता, असे मानणे ही कल्पनारंजनाची गोष्ट झाली. एक सुरुंग दहा वाव बाजूला पडला, हे मानणे रास्त आहे.

या रीतीने युद्ध तपासले की एक क्रम दिसतो. सुरुवातीला जपान सर्वस्व गमावू शकत होता. पुढे महिन्यागणिक शक्यतांचा पट्टा आक्रसत गेला आणि १९०५ च्या उन्हाळ्यात दोघांपैकी कोणीही दुसऱ्याला पूर्ण चीत करण्याच्या स्थितीत राहिला नव्हता.

समुद्र : जपानचा कच्चा दुवा

जपानची फौज लढत होती परक्या भूमीवर. तिचा दाणागोटा, दारूगोळा आणि कुमक समुद्रावरून येत होती. समुद्र हातचा गेला असता तर मांचुरियातले सैन्य कितीही शूर असले तरी कोंडले गेले असते. १५ जून १९०४ रोजी व्लादिवोस्तोकहून निघालेल्या रशियन क्रूझरांनी ‘हिताची मारू’ हे एकच वाहतूक जहाज बुडवले, तेव्हा हजारहून अधिक लोक मेले आणि पोर्ट आर्थरच्या वेढ्यासाठी निघालेल्या अवजड तोफाही तळाला गेल्या. असे रोज घडू लागले असते तर युद्ध काही महिन्यांत संपले असते.

त्यामुळे पहिला खरा पर्याय समुद्रावरच शोधावा लागतो. ८ फेब्रुवारीच्या हल्ल्याने रशियाची तीन जहाजे जायबंदी झाली, पण आरमार शिल्लक राहिले. मार्चमध्ये व्हाइस ॲडमिरल स्तेपान मकारोव्ह पोर्ट आर्थरला दाखल झाले आणि बंदरात दडून बसलेल्या आरमाराला त्यांनी बाहेर काढायला सुरुवात केली. १३ एप्रिल रोजी त्यांची ध्वजनौका ‘पेत्रोपाव्लोव्स्क’ जपानी सुरुंगावर आदळली. मकारोव्ह आणि सहाशेहून अधिक लोक बुडाले. त्यांत भारताची चित्रे काढणारे प्रसिद्ध चित्रकार वसिली वेरेश्चागिनही होते.

‘मकारोव्ह वाचले असते तर’ हा या युद्धाचा सर्वांत लोकप्रिय पर्याय आहे. पण त्याहून वजनदार पर्याय महिन्याभराने आला आणि त्याची चर्चा कमी होते. १५ मे रोजी ‘आमूर’ या रशियन सुरुंगपेरी जहाजाने टाकलेल्या सुरुंगांवर जपानच्या ‘हात्सुसे’ आणि ‘याशिमा’ या दोन युद्धनौका एकाच दिवशी गेल्या. जपानकडे पहिल्या दर्जाच्या युद्धनौका सहाच होत्या. बुडालेल्या दोघींबरोबर ‘शिकिशिमा’ ही तिसरीही त्याच पाण्यात होती, ती वाचली. त्याच दिवशी पहाटे ‘योशिनो’ ही क्रूझर आपल्याच ताफ्यातल्या जहाजाची धडक बसून बुडाली. ‘याशिमा’ बुडाल्याची बातमी जपानने वर्षाहून अधिक काळ दडवून ठेवली, यावरून घाव किती खोल होता ते कळते. त्या दिवशी रशियन आरमार पूर्ण बळानिशी बाहेर पडले नाही. मकारोव्ह हयात असते तर ते पडले असते, असे मानायला त्यांच्या आधीच्या महिन्याभराच्या कारभाराचा आधार आहे. मकारोव्ह आणि १५ मे या दोन गोष्टी जोडून पाहिल्या तरच रशियाच्या विजयाचा एक खराखुरा मार्ग दिसतो.

१० ऑगस्टला पीत समुद्रातील लढाईत तो मार्ग जवळजवळ बंद झाला. ॲडमिरल विटगेफ्ट यांचे आरमार व्लादिवोस्तोककडे निसटण्याच्या बेतात होते. संध्याकाळ होत आली होती. अंधार पडला की पाठलाग सुटणार होता. तेवढ्यात जपानी तोफगोळ्यांनी ‘त्सेसारेविच’ ही ध्वजनौका गाठली, विटगेफ्ट ठार झाले आणि सुकाणू अडकून जहाज गोल फिरू लागले. मागची रांग विस्कटली. बहुतेक जहाजे पोर्ट आर्थरला परतली आणि ‘त्सेसारेविच’ जर्मनीच्या ताब्यातील चिंगदाव बंदरात अडकून पडली. ते गोळे चुकले असते तर आरमार कदाचित व्लादिवोस्तोकला पोचले असते. त्याने जपान हरला नसता. पण पोर्ट आर्थरचा जीवघेणा वेढा निम्मा निरर्थक ठरला असता, कारण तो वेढा मुख्यतः या आरमारासाठीच होता. त्या वेढ्यात जनरल नोगी यांच्या सैन्याचे सुमारे साठ हजार लोक ठार किंवा जखमी झाले. २०३ मीटर टेकडी ५ डिसेंबरला हाती आल्यावर तिच्यावरून नेम साधत २८ सेंटिमीटरच्या तोफांनी बंदरातली जहाजे एकेक करून बुडवली.

जनरल श्टेसेल यांनी १९०५ च्या जानेवारीच्या आरंभी किल्ला दिला, तेव्हा आत अन्न आणि दारूगोळा बराच शिल्लक होता. त्यांच्यावर पुढे खटला चालला, मृत्युदंड झाला आणि तो कमी करण्यात आला. किल्ला आणखी काही आठवडे टिकला असता तर नोगींचे सैन्य फेब्रुवारी-मार्चमधल्या मुकडेनच्या लढाईला वेळेवर पोचले नसते. ही शक्यता भक्कम आहे, कारण मुकडेनला रशियन फौजेची पश्चिमेकडची बगल नोगींनीच वळसा घालून दाबली.

एकेरी लोहमार्ग

जमिनीवरचे गणित वेगळे होते. रशियाकडे माणसे अमाप होती, पण ती आठ हजार किलोमीटरवरून एकेरी सायबेरियन लोहमार्गाने आणायची होती. त्यातही बैकाल सरोवरापाशी मार्ग तुटलेला होता. एरवी बर्फफोडे जहाज डबे पलीकडे नेई. हिवाळ्यात सरोवर गोठले की तेही बंद पडे. १९०४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये रेल्वेमंत्री खिलकोव्ह यांनी गोठलेल्या सरोवरावरच रूळ टाकले. बर्फाला इंजिनाचे वजन पेलत नव्हते, म्हणून डबे घोड्यांकडून ओढवले गेले. सरोवराला वळसा घालणारा मार्ग सप्टेंबर १९०४ मध्ये, म्हणजे लिआओयांगची मोठी लढाई होऊन गेल्यावर, सुरू झाला.

हा वळसा वर्षभर आधी पूर्ण झाला असता तर काय झाले असते? सेनापती कुरोपात्किन यांचा बेतच मुळी मागे सरत राहायचे, कुमक जमू द्यायची आणि मग उलटायचे असा होता. कुमक लवकर आली असती तर लिआओयांगला रशियाचे संख्याबळ निर्णायक ठरू शकले असते. पण संख्या म्हणजे निकाल नव्हे. लिआओयांगला आणि नंतर शाहो नदीवरही रशियाकडे माणसे जास्तच होती. तरी कुरोपात्किन ऐन वेळी हात आखडता घेत. तेव्हा रेल्वेने दिलेला वेळ सेनापतीने वाया घालवला असता, ही शक्यताही तितकीच रास्त आहे.

फेब्रुवारी-मार्च १९०५ मधल्या मुकडेनच्या लढाईत दोन्हीकडचे मिळून सुमारे सहा लाख सैनिक उतरले. रशियाचे अंदाजे नव्वद हजार आणि जपानचे पंचाहत्तर हजार लोक ठार, जखमी वा बेपत्ता झाले. मैदान जपानच्या हाती आले. रशियन सैन्य मात्र निसटले. पाठलाग करायला जपानकडे ताज्या पलटणी नव्हत्या, अधिकारी तर फारच थोडे उरले होते. लढाई जिंकल्यावर जनरल कोदामा गेन्तारो तोक्योला गेले, ते सरकारला तहाची निकड पटवून देण्यासाठी. विजयी सेनेचा मुख्य अधिकारी घाईने तह मागतो, यातच युद्धाची खरी स्थिती दिसते.

लंडनचे कर्जरोखे

जपानची दुसरी नड पैशाची होती. युद्धाचा खर्च १७० कोटी येनच्या पुढे गेला आणि त्याचा मोठा भाग परदेशी कर्जातून उभा राहिला. बँक ऑफ जपानचे उपगव्हर्नर ताकाहाशी कोरेकियो यांनी लंडन व न्यूयॉर्कमध्ये १९०४-०५ या दोन वर्षांत चार कर्जे उभारली. एकूण रक्कम ८ कोटी २० लाख पौंड. पहिले कर्ज मे १९०४ मधले, १ कोटी पौंडांचे, सहा टक्के व्याजाचे आणि जकातीच्या उत्पन्नाच्या तारणावर. मार्च १९०५ मध्ये कर्ज तिप्पट मिळाले आणि व्याज साडेचार टक्क्यांवर आले. रणांगणावरचा प्रत्येक विजय असा व्याजाच्या दरात उमटत होता.

म्हणून यालू नदीवरची १ मे १९०४ ची लढाई तिच्या आकाराहून मोठी ठरते. जनरल कुरोकी यांनी तेथे रशियनांना मागे रेटले आणि पुढच्या दहा-बारा दिवसांत पहिले कर्ज बाजारात येऊन हातोहात खपले. यालूवर जपान अडकला असता तर लढाई पुन्हा देता आली असती, पण कर्ज त्या अटींवर मिळाले नसते. कुरोकींचे बळ जवळपास दुप्पट असल्याने ही शक्यता लहान आहे. घडली असती तर परिणाम मात्र मोठा झाला असता.

रशियाची तिजोरीही पॅरिसच्या कर्जावर चालत होती आणि घरात आग लागली होती. रविवारी, २२ जानेवारी १९०५ रोजी सेंट पीटर्सबर्गमध्ये झारकडे अर्ज घेऊन निघालेल्या निःशस्त्र जमावावर सैन्याने गोळ्या झाडल्या. संप, शेतकऱ्यांचे उठाव आणि जूनमध्ये ‘पोतेम्किन’ जहाजावरील बंड यांची मालिका लागली. हा रविवार टळला असता तर रशियाला १९०५ चे पूर्ण वर्ष लढता आले असते का? असंतोषाची कारणे युद्धाआधीची होती, त्यामुळे तो टळला नसता; फार तर काही महिने पुढे गेला असता. परंतु रशियाला नेमके तेवढेच महिने हवे होते. उन्हाळ्यात नवे सेनापती जनरल लिनेविच यांच्या हाताखाली मांचुरियात चार लाखांहून अधिक फौज जमली होती.

त्सुशिमा : गाजलेली लढाई, लहान पर्याय

ॲडमिरल रोझेस्तवेन्स्की यांचे बाल्टिक आरमार आफ्रिकेला वळसा घालून, सुमारे तेहतीस हजार किलोमीटर चालून आले आणि २७-२८ मे १९०५ रोजी त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत नष्ट झाले. रशियाचे चार हजारांहून अधिक खलाशी मेले. जपानच्या तीन पाणतीर नौका बुडाल्या आणि ११७ लोक गेले.

या लढाईतही एक नाजूक क्षण आहे. रशियन आरमार उशीर करू लागले तसे, ते जपानच्या पूर्वेकडून लांबच्या वाटेने गेले असावे, असे जपानी आरमाराचे ॲडमिरल तोगो यांच्या मुक्कामी वाटू लागले. उत्तरेकडे सरकण्याचा विचार पक्का होत होता. इतक्यात रशियाची कोळसावाहू जहाजे शांघायपाशी आल्याची बातमी पोचली. कोळसा मागे सोडणारे आरमार लांबची वाट धरणार नाही, हे उघड होते. तोगो जागीच थांबले. ती जहाजे दोन दिवस उशिरा आली असती तर रोझेस्तवेन्स्की व्लादिवोस्तोकला पोचूही शकले असते.

पण पोचून काय साधले असते? जहाजांच्या तळांवर शेवाळ माजले होते, खलाशी थकले होते, व्लादिवोस्तोकची गोदी अपुरी होती आणि पोर्ट आर्थरचे आरमार केव्हाच बुडाले होते. पुढे कधीतरी तोगोंशी गाठ पडलीच असती. तहाच्या वेळी रशियाच्या हाती एक आरमार शिल्लक राहिले असते, हाच खरा फरक.

तिसरा उतरला असता तर

युद्धाचे कुंपण एकदा खरोखर हलले. २१ ऑक्टोबर १९०४ च्या रात्री उत्तर समुद्रातील डॉगर बँकेवर याच बाल्टिक आरमाराने ब्रिटनच्या हल बंदराच्या मच्छीमार नौकांना जपानी पाणतीर नौका समजून गोळीबार केला. मच्छीमार मेले, ब्रिटनमध्ये संताप उसळला, ब्रिटिश आरमाराला सज्जतेचे आदेश गेले. फ्रान्सने मध्यस्थी केली, चौकशी आयोग नेमला गेला आणि रशियाने भरपाई दिली. ब्रिटन युद्धात उतरला असता तर बाल्टिक आरमार स्पेनच्या पुढे गेलेच नसते. फ्रान्सला नवा मित्र की जुना, हे ठरवावे लागले असते आणि जर्मनीला हवा असलेला गोंधळ युरोपात दहा वर्षे आधीच माजला असता. हा एकच पर्याय असा की ज्याचा निकाल वर्तवणे अशक्य होते. दोघांच्या युद्धाची नियमितता तिसरा येताच संपते.

पोर्ट्‌स्मथचा तह

अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या पुढाकाराने ऑगस्ट १९०५ मध्ये पोर्ट्‌स्मथ येथे वाटाघाटी सुरू झाल्या. जपानचे परराष्ट्रमंत्री कोमुरा जुतारो यांच्याकडे मागण्यांची प्रतवारी होती. कोरियावर मोकळा हात, मांचुरियातून रशियन माघार, लिआओतुंग व दक्षिणेकडील रेल्वे या मागण्या अत्यावश्यक. युद्धखर्चाची भरपाई आणि साखालिन बेट जमल्यास. पहिल्या गटातले जपानला मिळाले. भरपाईचा एक कोपेकही द्यायला झार तयार नव्हते. अखेर तोक्योने भरपाई आणि साखालिन दोन्ही सोडून तह करण्याचा आदेश धाडला. तेवढ्यात, अर्धे साखालिन द्यायला झार राजी असल्याची माहिती तोक्योतील ब्रिटिश राजदूताकडून मिळाली आणि सुधारित तार निघाली. ती उशिरा पोचली असती तर पन्नासाव्या अक्षांशाखालचे साखालिनही रशियाकडेच राहिले असते. ५ सप्टेंबरला तहावर सह्या झाल्या आणि त्याच दिवशी तोक्योच्या हिबिया बागेत भरपाई न मिळाल्याच्या रागाने दंगल उसळली.

वाटाघाटी फिसकटल्या असत्या तर? युद्ध पुन्हा पेटले असते. रशियाकडे नवी फौज होती पण घरात क्रांती. जपानकडे विजयाचा दबदबा होता पण माणसे आणि पैसा संपत आलेला. जपानला पुढे हार्बिनपर्यंत जावे लागले असते आणि प्रत्येक मैलागणिक त्याची रसद लांबली असती. सर्वांत संभाव्य निकाल म्हणजे १९०६ मध्ये, आणखी काही हजार मृत्यूंनंतर, जवळपास याच अटींवरचा तह.

बदललेला निकाल आणि पुढचे जग

रशिया जिंकला असता तर आशियातील अनेकांना वाटलेला उत्साह दिसला नसता. भारतात वंगभंगाच्या चळवळीच्या काळातच जपानच्या विजयाची वार्ता आली. ‘केसरी’सारख्या पत्रांनी तिचा अर्थ वाचकांपर्यंत नेला. तो आधार नाहीसा झाला असता, पण वंगभंग आणि स्वदेशी यांची कारणे येथलीच होती. चळवळ थांबली नसती. युरोपात फरक मोठा पडला असता. पराभवानंतर रशिया पूर्वेकडून बाल्कनकडे वळला आणि १९०७ मध्ये त्याने ब्रिटनशी जुळवून घेतले. विजयी रशियाने यांपैकी एखादे पाऊल उचलले असते, याची खात्री नाही. पहिल्या महायुद्धाच्या गटांची मांडणी त्यामुळे वेगळी झाली असती.

एका ठिकाणी मात्र कोणताही पर्याय फारसा बदल दाखवत नाही. कोरियाने जानेवारी १९०४ मध्ये तटस्थता जाहीर केली होती आणि चीननेही केली. तरी लढाया झाल्या त्या कोरिया आणि मांचुरियाच्या भूमीवर. जपान जिंकला आणि १९१० मध्ये कोरिया त्याने गिळला. रशिया जिंकला असता तर कोरिया बहुधा त्याच्या वर्चस्वाखाली गेला असता. बरोबरी झाली असती तर दोघांत वाटला गेला असता. लढणारे दोघेच होते, पण ज्याच्यासाठी लढाई झाली तो देश तिसरा होता आणि कोणत्याही निकालात त्याला स्वतःचा निर्णय घेण्याची संधी नव्हती.